चुलीत नको, चुंगडीत टाका: खाण्यापिण्याचं प्लास्टिक ओळखायचं कसं आणि द्यायचं कुठं

आठवडी बाजारातून आलेली एक थैली रिकामी केली की तीतून तेलाचं पाकीट निघतं, बिस्किटाचे पुडे, पोरांसाठी चिप्स, दह्याचा कप, दुधाची पिशवी, थंड पेयाची बाटली, पावभर शेवेची पन्नी (पातळ प्लास्टिकची पिशवी), आणि वाटेत बांधून घेतलेल्या आलूबोंड्यासोबतची चटणीची गाठ मारलेली इवलीशी पन्नी. संध्याकाळपर्यंत खाणं पोटात जातं आणि उरतं ते उकिरड्यावर, नालीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला.

वरून पाहिलं तर हे सगळं 'प्लास्टिक'. पण त्यात निदान पाच जाती आहेत आणि त्यातल्या तीन-चार जाती कबाडी, म्हणजे भंगारवाला, पैसे देऊन नेतो. अट एवढीच की माल कोरडा हवा, बऱ्यापैकी स्वच्छ हवा आणि एकाच जातीचा हवा. शहरात घंटागाडी रोज दारात येते, त्यामुळे तिथं साठवायचा प्रश्न येत नाही. आपल्या विदर्भातल्या खेड्यात कबाडी पंधरा दिवसांनी येणार, तालुक्याची गाडी आली तर महिन्या-दोन महिन्यांनी. म्हणून आपल्याकडे पुनर्वापराचं निम्मं काम घराच्या ओसरीवरच, चुंगडीत म्हणजे पोत्यात साठवून होतं. ते कसं करायचं, ते पुढे सांगतो.

आधी चुलीचं बोलू

पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) लवकर पेट घेत नाहीत, विशेषतः पावसाळ्यात. मग दुधाची पिशवी किंवा बिस्किटाचा कागद त्यांच्याखाली सरकवला जातो. भरपूर घरांत हे रोज होतं आणि करणाऱ्या बाईचं तोंड त्या धुराच्या हातभर अंतरावर असतं. अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर फुप्फुसांना वाईटच. त्यात पीव्हीसीचा, म्हणजे पाइपाच्या प्लास्टिकचा, एखादा तुकडा असेल तर हायड्रोजन क्लोराइड नावाचा झोंबणारा वायू निघतो आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. ही द्रव्यं चरबीत साठतात, म्हणजे राखेतून, चाऱ्यातून दुधापर्यंत पोचू शकतात. पेटवणीसाठी तुराट्यांची काडी, वाळलेलं गवत, गोवरीचा चुरा, काहीही चालेल. पन्नी नको.

उकिरड्यावर टाकलेलं प्लास्टिक खतासोबत वावरात जातं आणि पुढे डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या पासेत अडकून वर येतं. आखरावर उभी राहणारी गुरं खरकट्याच्या वासानं पन्नीच गिळतात. गाईच्या पोटात पन्नी पचत नाही आणि बाहेरही पडत नाही, पहिल्या कप्प्यात गोळा होत राहते. जनावर हळूहळू चारा सोडतं आणि मालकाला वाटतं की काहीतरी रोग लागला.

वेगळं करायचं ते कशासाठी

कापूस विकणाऱ्याला हे लगेच पटेल. कवडी (डागी कापूस) मिसळलेला किंवा ओला कापूस जिनिंगवर नेला की सगळ्या गाडीचा भाव पडतो. प्लास्टिकचं अगदी तसंच आहे, फक्त इथं नुसता भाव पडत नाही, माल वायाही जातो. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक सुमारे २५० अंशांना वितळतं. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक साधारण ११० अंशांनाच पातळ होतं. पीव्हीसी तर पेट वितळायच्या आधीच कुजून काळं पडतं आणि आम्ल सोडतं. बाटल्यांच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहिले तरी अख्खा घाणा पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. म्हणून कारखानदार जातिवंत, वेगळा केलेला माल मागतो, आणि कबाडीही त्याच हिशोबानं तुमच्या दारात तोलतो.

त्रिकोण शोधा

बाटली, डबा किंवा कप उलटा करा. बुडाशी तीन बाणांचा किंवा साध्या रेघांचा लहान त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. पिशव्यांवर तो मागच्या बाजूला, छपाईच्या गर्दीत असतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं सुरू केली आणि आता ती जगभर चालते. एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तूचा पुनर्वापर होतोच, असं नाही. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. तसाच पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा असतो, त्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही.

आकडा १, पेट. पाण्याच्या आणि थंड पेयाच्या बाटल्या, काही तेलाच्या बाटल्या, लोणच्याच्या पारदर्शक बरण्या. काचेसारखं स्वच्छ, दाबलं की कडकड वाजणारं. बाटलीच्या बुडाच्या अगदी मधोमध एक उंचवटा किंवा ठिपका लागतो. साच्यात प्लास्टिक तिथून सोडलेलं असतं. ही कबाड्याची सर्वांत आवडती वस्तू. हिच्यापासून पॉलिस्टरचा धागा निघतो, तोच पुढे उशीत भरायच्या कापसासारखा किंवा कपड्यात येतो. पारदर्शक बाटलीला रंगीत बाटलीपेक्षा मागणी जास्त, त्यामुळे हिरव्या-तपकिरी बाटल्या वेगळ्या ठेवल्या तर बरं. बूच आणि त्याखालची कडी मात्र पेटची नसते, ती २ किंवा ५ नंबरची असते.

आकडा २, एचडीपीई. कबाडी याला नुसतं 'एचडी' म्हणतात. दुधासारखा पांढरा किंवा रंगीत, आरपार न दिसणारा, घट्ट पण थोडा मेणचट. पाच लिटरच्या तेलाच्या कॅन, ताकाच्या आणि सुगंधी दुधाच्या काही बाटल्या, औषधी पावडरींचे डबे. बाटलीच्या बुडावर मधोमध ठिपक्याऐवजी आडवी जोडरेघ असते. याचाही भाव चांगला, पुढे पाइप आणि बादल्या होतात. पण या जातीबाबत आपल्या भागात एक फार मोठी काळजी घ्यावी लागते, ती खाली वेगळी लिहिली आहे. ती वाचल्याशिवाय दोन नंबरचा ढीग करू नका.

आकडा ४, एलडीपीई. दुधाची पिशवी. मऊ, ओढली की ताणली जाणारी, चुरगाळली तरी आवाज फारसा न करणारी. तेलाच्या पाकिटाचं बरंचसं प्लास्टिकही याच कुळातलं, मात्र काही पाकिटांत मध्ये नायलॉनसारखा वेगळा थर असतो, म्हणून तेलाची पाकिटं दुधाच्या पिशव्यांत मिसळू नका. ब्रेडची, मिठाची पिशवी दोन्ही बाजूंना ताणून पाहा. रबरासारखी लांबली तर याच ढिगात.

आकडा ५, पीपी. हॉटेलातून भाजी येते ते डबे, श्रीखंडाचे आणि दह्याचे बरेच कप, बाटल्यांची झाकणं. डबा वाकवला तर लगेच मोडत नाही, झाकणाची बिजागरी शंभरदा उघडली तरी तुटत नाही. गहू-तांदळाची विणलेली चुंगडी हीसुद्धा पीपीच. याच्यापासून खुर्च्या, क्रेट, दोऱ्या होतात. शेवेची किंवा फुटाण्याची कुरकुरीत, चकचकीत पारदर्शक पन्नी बहुधा पीपीचीच असते. ती ताणली जात नाही आणि एकदा चिरली की सरळ रेघेत फाटत जाते.

बाकीच्या तिघांत फार वेळ घालवायची गरज नाही. ३ म्हणजे पीव्हीसी, खाण्याच्या पॅकिंगमध्ये आता क्वचितच दिसतं, पण बाटलीला घट्ट आवळून बसवलेलं रंगीत लेबल कधीकधी याचंच असतं. म्हणून बाटली देण्याआधी लेबल फाडून काढा. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ठिसूळ, वाकवलं की कट्‌कन मोडणारं. पातळ कप, काही आइस्क्रीमचे कप आणि आपलं थर्माकोल. कबाडी हे सहसा नेत नाही. ७ म्हणजे 'इतर', म्हणजे एकाहून जास्त जातींचं मिश्रण किंवा वेगळंच काही. चिप्सचं पाकीट यातलं. वीस लिटरचा निळसर, कडक, पारदर्शक पाण्याचा जार बहुतेकदा पॉलिकार्बोनेटचा, तोही सातमध्ये. जार फेकायचा नसतो, तो जारवाल्याला परत करायचा. उन्हात उभा ठेवू नका एवढंच.

आकडाच नसेल तर

बाजारातल्या निम्म्या पन्न्यांवर काहीच छापलेलं नसतं. तेव्हा हात, कान आणि बादलीभर पाणी यांवर काम भागतं.

पाण्याची कसोटी शाळेतल्या पोरांनाही सहज करता येते. मुलांना बसवून करा, त्यांना ती फार आवडते.

१. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापा. लेबल, डिंक, तेल काढून साबणानं धुवा.

२. पारदर्शक बरणीत पाणी घ्या आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. त्यामुळे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत.

३. तुकडा बोटानं पाण्याच्या खाली दाबून सोडा. वर आला तर तो २, ४ किंवा ५ नंबरचा, कारण या तिन्ही जाती पाण्याहून हलक्या. बुडाला गेला तर १, ३ किंवा थर्माकोल सोडून ६.

४. बुडालेले तुकडे दुसऱ्या बरणीत टाका, जिच्यात एक लिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलेलं आहे. सहा नंबरचं प्लास्टिक आता वर येईल. एक आणि तीन खालीच राहतील.

५. उरलेल्या दोघांतला फरक वाकवून कळतो. पीव्हीसी दुमडलं की घडीवर पांढरी रेघ उमटते. पेटची घडी बहुधा स्वच्छ राहते. बाटलीचं बूड पाहिलंत तर वाकवायचीही गरज नाही.

तरंगणाऱ्या तिघांत ताणून पाहा. सहज ताणलं गेलं तर चार, कडक आणि मेणचट तर दोन, कुरकुरीत किंवा चिवट तर पाच. दोन आणि पाचमध्ये गडबड होतेच, कबाड्याला दाखवा. त्याच्या हाताला ही जात कोणत्याही लेखापेक्षा जास्त कळते.

चकचकीत चंदेरी पाकिटाची कसोटी वेगळी. मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. तशीच गोळी राहिली तर ती ॲल्युमिनियमची फॉइल. हळूहळू पुन्हा उलगडली तर प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा आहे, म्हणजे बहुथरी पाकीट.

काही जण तुकडा जाळून ज्योतीचा रंग आणि वास पाहायला सांगतात. ते करू नका आणि मुलांना तर कधीच करू देऊ नका. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, आणि पीव्हीसी असेल तर त्याचा वास घेणं म्हणजे विषच ओढणं.

कागदाचा वाटणारा चहाचा कपही फसवतो. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम चहा कागदातून झिरपला असता. तो कोरड्या कागदात टाकू नका. फळांच्या रसाचा चौकोनी खोका साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, उरलेलं प्लास्टिक आणि थोडं ॲल्युमिनियम असा असतो. तो चपटा करून बहुथरी पाकिटांसोबत ठेवा.

फवारणीच्या डब्यांची गोष्ट वेगळी

कीटकनाशकाच्या बऱ्याच बाटल्या दोन नंबरच्याच प्लास्टिकच्या असतात. घट्ट बुचाच्या, मजबूत, दिसायला तेलाच्या कॅनसारख्या. त्यामुळे त्या धुऊन तेल, डिझेल, दळण, पाणी ठेवायला वापरणारी घरं आजही आहेत. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते विष फवारताना अंगात गेलं होतं. तेच विष बाटलीच्या भिंतीत मुरतं आणि कितीही घासलं तरी पूर्ण निघत नाही.

म्हणून फवारणीची बाटली घरात आणूच नका. वावरातच रिकामी झाल्यावर तीनदा विसळा, प्रत्येक वेळी पाव बाटली पाणी टाकून, बूच लावून हलवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. नाल्यात किंवा विहिरीजवळ नको. हातमोजे असू द्या. मग खिळ्यानं किंवा विळ्यानं बुडाला भोक पाडा, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही. या बाटल्या वेगळ्या पोत्यात, कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. त्या कुठं द्यायच्या, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) आणि औषध जिथून घेतलं त्या कृषी केंद्राला विचारा. खाण्याच्या प्लास्टिकच्या कबाड्याला त्या देऊ नका. तुमच्या चुंगडीत एक बाटली मिसळली तर तिच्यापासून वितळवून केलेला दाणा कुणाच्या बादलीत जाईल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

धुणं, पण पाणी वाया न घालवता

मे महिन्यात पाणी जपून वापरावं लागतं, तेव्हा प्लास्टिक धुवा असं सांगणं कुणाला पटणार नाही. पण त्यासाठी नवं पाणी लागतच नाही. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी पुरतं. चकाचक नको, वास न येईल आणि मुंग्या लागणार नाहीत इतपत पुरे.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. सरळ चीर द्या आणि कोपरा पिशवीलाच लटकता राहू द्या. तुटलेले कोपरे इतके लहान असतात की ते कधीच गोळा होत नाहीत, मातीत मिसळून जातात. रिकाम्या पिशवीत घोटभर पाणी टाकून हलवा आणि ते दुधाच्याच गंजात (भांड्यात) ओता, म्हणजे दूधही वाया जात नाही. मग पिशवी पूर्ण उघडून, उलटी करून दोरीवर चिमट्यानं अडकवा. आपल्या उन्हात तासाभरात वाळते.

तेलाचं पाकीट अवघड. आधी ते कढईवर उलटं लटकवून निथळू द्या, मग कात्रीनं तीन बाजू उघडून आतून चुलीची कोरडी राख किंवा कोंडा चोळा. तेल त्यात शोषलं जातं, मग भांड्यांच्या पाण्यात एकदा बुडवलं की झालं. तेलाचा कोंडा गुरांना घालू नका, चुलीत टाकला तरी चालतो.

दह्याच्या कपाला लगेच पाणी लागलं तर ठीक, दोन दिवसांनी घासत बसावं लागतं. बाटलीतलं उरलेलं थंड पेय ओतून द्या, नाहीतर चुंगडीत मुंगळे होतात. बाटली तुडवून चपटी करा आणि बूच सैल लावा, म्हणजे बूच हरवत नाही. कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्यात टाकले की पेट बुडतं आणि बुचाचे तुकडे तरंगतात, तिथं ते आपोआप वेगळे होतात.

चार चुंगड्या, सावलीत

तांदळाच्या किंवा गव्हाच्या रिकाम्या चुंगड्या घ्या. खताची किंवा बियाण्याची घेऊ नका, बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं. पहिलीत बाटल्या. दुसरीत कडक डबे, कॅन, कप, झाकणं. तिसरीत मऊ, ताणल्या जाणाऱ्या पिशव्या. चौथीत चंदेरी आणि बहुथरी पाकिटं, रसाचे खोके, बाकी कुणी न नेणारं. शेवेच्या कुरकुरीत पन्न्या कबाडी वेगळ्या मागत असेल तर त्याच्या मागणीप्रमाणे करा, नसेल मागत तर चौथीत.

चुंगड्या ओसरीच्या आतल्या बाजूला किंवा गोठ्याच्या माळ्यावर, दोरीनं तोंड बांधून ठेवा. चुलीपासून आणि वैरणीपासून लांब. उन्हात ठेवल्या तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पिशव्या कडक होतात आणि हात लावला की पापुद्रे सुटतात. असं प्लास्टिक कुणी घेत नाही. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले कप आणि डबे त्याहून वाईट, कारण दोन बोटं पाणी साचलं तरी डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो.

एका घरानं काय होणार

हा प्रश्न खरा आहे, म्हणून हिशोबच मांडतो. अर्ध्या लिटरची रिकामी दुधाची पिशवी अडीच-तीन ग्रॅमची. म्हणजे रोज एक पिशवी घेणाऱ्या घराला किलोभर पिशव्या साठवायला वर्ष लागेल. एकट्या घरासाठी कबाडी वळणारही नाही. वीस घरांनी एकत्र साठवलं की वर्षाला वीस किलो, आणि तेलाची पाकिटं, बाटल्या, डबे धरले तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून हे काम बचत गटानं हातात घेतलं की जमतं. बैठकीच्या दिवशी प्रत्येकीनं आपली चुंगडी आणायची, एकीनं तोलून वहीत लिहायचं, विकलेल्या मालाचे पैसे गटाच्या खात्यात. कोणाच्या घरचं किती आलं याची नोंद ठेवली की वाद होत नाहीत.

कबाड्याशी बोलताना आधी विचारा: कोणता माल नेतो, कसा वेगळा हवा, पिशव्यांचा गठ्ठा चालतो का सुटा. भावासाठी एकावर अवलंबून राहू नका. तालुक्याच्या ठिकाणी गोदामवाला असतोच, बाजाराच्या दिवशी जाताना विचारून या. गावात सायकलवर येणारा त्यालाच माल देतो, त्यामुळे त्याच्या भावात त्याची मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च धरलेला असतो. भंगाराच्या बदल्यात कांदे-लसूण देणारे येतात, त्यांना देण्यात काही वावगं नाही, फक्त तोल तुमच्यासमोर होऊ द्या.

ग्रामपंचायतीकडे काय मागायचं

केंद्र सरकारचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम २०१६ साली नव्यानं आले तेव्हा पहिल्यांदा गावंही त्यात आली. त्याआधीचे नियम नगरपालिका-महानगरपालिकांपुरते होते. आता वेगळं केलेलं प्लास्टिक गोळा करण्याची आणि ते उघड्यावर जाळलं जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, जो २०२० मध्ये सुरू झाला, प्रत्येक तालुक्यासाठी प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. तिथं प्लास्टिकचा चुरा करणारं आणि गठ्ठे बांधणारं यंत्र बसवायचं असतं.

ग्रामसभेत तीन गोष्टी नाव घेऊन विचारा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे आणि चालू आहे का. गावात प्लास्टिक ठेवायला बंद खोली किंवा शेड कुठं आहे. आणि केंद्राची गाडी आपल्या गावात कोणत्या तारखेला येणार. उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) आणि पंचायत समितीतला स्वच्छतेचा कर्मचारी ही दोन माणसं यात खरी कामाची.

घरात कमी येऊ द्या, तेवढं साठवावं लागत नाही

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची फिल्म यांवर बंदी आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग डिसेंबर २०२२ अखेरपासून बंद आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी त्याआधीच, मार्च २०१८ मध्ये आली. तरी लग्नाच्या पंगतीत पाण्याचे पेले प्लास्टिकचेच दिसतात. पूर्व विदर्भात पळसाची पानं आजही मुबलक आहेत, पत्रावळी आणि द्रोण लावणारे हात आहेत. महाप्रसादाला, रोडग्यांच्या जेवणाला आधी सांगून ठेवलं तर त्या मिळतात, आणि जेवणानंतर सरळ खताच्या खड्ड्यात जातात. गावानं स्टीलचे दोनशे पेले एकदाच घेऊन समाजमंदिरात ठेवले तर पुढच्या सगळ्या कार्यांना पुरतात.

सावजी रस्सा किंवा तर्री गरमागरम पन्नीत बांधून घेणं तर ताबडतोब थांबवा. अन्नसुरक्षेच्या मानकांत न बसणाऱ्या पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तयार खाद्यपदार्थ द्यायला नियमानंच मनाई आहे, आणि काळी किंवा मळकट रंगाची पन्नी बहुधा त्याच दाण्याची असते. तेलकट, उकळता रस्सा असल्या पन्नीतली द्रव्यं ओढून घेतो. बाजाराला जाताना झाकणाचा डबा थैलीत ठेवा. कोणताही सावजीवाला त्यात घालून देतो.

खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीचं नाव घेतल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पानठेल्यासमोरची जमीन त्या चौकोनी पन्न्यांनी भरलेली असते. तळहाताएवढी, तंबाखूनं माखलेली पन्नी कुठलाही कबाडी उचलणार नाही. तिला पुनर्वापराची वाटच नाही. खर्रा तोंडाच्या कॅन्सरकडे नेतो हे वेगळं सांगायला नको. ग्रामसभेनं पानठेल्यांना निदान पन्नी बंद करायला लावली तर गावाच्या नाल्या निम्म्या मोकळ्या होतील.

चौथ्या चुंगडीचं काय

चिप्स, कुरकुरे, बिस्किटं, शाम्पू, गुळाच्या चिक्कीची पाकिटं. ही सर्वांत जास्त साचतात आणि यांनाच कुणी विकत घेत नाही, कारण एका पाकिटात दोन-तीन जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. २०२२ च्या नियमांनुसार असं पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर तेवढं प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. ते दोन ठिकाणी जातं. एक, सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जळण म्हणून. तिथं १४०० अंशांच्या वर तापमान असतं, त्यामुळे चुलीसारखा विषारी धूर राहत नाही. दुसरं, डांबरी रस्त्यात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही रीत बसवली. गरम खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की त्याचा पातळ थर खडीला बसतो आणि मग डांबर घट्ट धरतं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पीव्हीसी मात्र त्यात चालत नाही, म्हणून चौथ्या चुंगडीतही बाटलीची आवळून बसवलेली लेबलं टाकू नका. ती थोडीच असतात, एका डब्यात वेगळी ठेवून गाडीवाल्याला तशीच सांगून द्या.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर भागात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तालुक्याचं केंद्र त्यांच्यापैकी कुणाशी किंवा दुसऱ्या कुठल्या अधिकृत संस्थेशी जोडलेलं आहे का, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारता येतं. पाच-सहा गावांनी मिळून अर्ज दिला तर उत्तर लवकर येतं आणि गाडीलाही एका फेरीत पुरेसा माल मिळतो. गाडीची तारीख मे अखेरच्या आत मागून घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की वावराकडचे रस्ते बंद होतात, शेडमध्ये ओल शिरते, आणि भिजलेली चौथी चुंगडी पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी उचलत नाही.